अनुदानाच्या यादीत नाव दिसलं, म्हणजे नेमकं काय कळलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाला दिलंय ते इतरांनाही कळेल. तुम्ही इंदूरला नोकरी करता. देपालपूर तहसीलीत आईच्या नावावर बारा बिघे जमीन आहे आणि ती गावातल्याच एका शेतकऱ्याला सिकमीवर, म्हणजे बटाईनं कसायला, दिलेली आहे. पीएम-किसानची गावची यादी उघडली तर तीत एक वकील आणि एक निवृत्त मास्तर दिसले. शिवाय हमीभावातला फरक देणाऱ्या सोयाबीनच्या भावांतर योजनेत एका घरानं पिकलं त्याहून जास्त माल विकल्याची गावात कुजबुज आहे. पंचायतीत विचारलंत, तर "ती खाजगी माहिती आहे" एवढंच उत्तर मिळालं. आता आरटीआय लावावा का, यादी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी का, आणि आपल्या आईचं नाव असं कुणालाही दिसावं हे तरी बरोबर आहे का, असे तुमचे तीन प्रश्न.

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. सेवा सहकारी संस्थांची दप्तरं तपासण्यात नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर सांवेर, महू, देपालपूरकडची माणसं अर्ज लिहून घ्यायला घरी येतात. त्यामुळे हे उत्तर हिशेब तपासणाऱ्या बाईचं आहे. कोर्टात जायची वेळ आली तर वकील गाठा. तो यादीतला नसला म्हणजे झालं.

यादी मिळवणं ही तुमची अडचण नाहीच, ती तुमच्या मोबाइलवर आहे. अडचण अशी की तिच्यात नाव आहे, पण त्या नावाला पैसे कोणत्या आधारावर मिळाले, पडताळणी कुणी आणि कधी केली, आजवर एकूण किती रक्कम गेली, यातलं काही नाही. नावावरून माणूस आठवतो, माणसावरून त्याचं घर, मोटारसायकल, मागच्या निवडणुकीत तो कुणाच्या बाजूला होता ते सगळं आठवतं, आणि आपण निकाल देऊन मोकळे होतो. ऑडिटमध्ये आम्ही आधी व्हाउचर काढायचो आणि नाव सगळ्यात शेवटी पाहायचो. तुम्हालाही तेच करायला सांगणार आहे.

पीएम-किसानचंच घ्या. योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू आहे. वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्याच शेतकऱ्यांना होती, जून २०१९ पासून ती मर्यादा काढली. म्हणजे "एवढी जमीन असून घेतो" ही तक्रार आज टिकत नाही. बाद कोण, ते नियमात लिहिलेलं आहे: घटनात्मक पदांवरचे लोक, मंत्री, आमदार-खासदार, महापौर, चतुर्थ श्रेणी सोडून बाकी सरकारी नोकर, महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे, मागच्या निर्धारण वर्षात आयकर भरलेले, आणि डॉक्टर, इंजिनिअर, वकील, सीए, आर्किटेक्ट. यातल्या शेवटच्या पाच जणांना एक शर्त आहे, की नोंदणी असून प्रत्यक्ष व्यवसाय चालू असला पाहिजे. तुमचा वकील याच शर्तीवर अडकतो किंवा सुटतो. काळा कोट खुंटीला टांगून शेती बघणारा एलएलबी पात्र असू शकतो. इंदूरच्या जिल्हा कोर्टात रोज उभा राहणारा नाही.

मास्तरांचं प्रकरण सोपं वाटतं, पण तिथेही थांबा. मुदतीत निवृत्त झालेल्या सरकारी शिक्षकाचं पेन्शन दहा हजारांच्या आत असणं कठीण, हे खरं. पण यादीतलं नाव त्यांचंच आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? गावात एका नावाची तीन माणसं असतात आणि ऑनलाइन यादीत वडिलांचं नाव दिसत नसेल तर ओळख पटत नाही. उलटही होतं. नाव बायकोचं असतं म्हणून लोक सोडून देतात. नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, आणि त्यातला एक जरी वगळलेल्या वर्गात बसला तरी सगळं कुटुंब बाद. मास्तर पेन्शनर असतील तर मास्तरीणबाईंच्या खात्यावर येणारा हप्ताही चुकीचाच.

हीच व्याख्या तुमच्या घराला लावून बघा, कारण अर्ज केल्यावर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार आहे. तुम्ही सज्ञान आहात, म्हणून तुमच्या आयकरामुळे आई बाद होत नाही. जमीन वडिलांच्या पश्चात वारसानं आली असेल तर १ फेब्रुवारी २०१९ च्या मुदतीचाही अडसर नाही. ती मुदत त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीसाठी आहे. पण पुढेमागे फौती नामांतरण (मृत्यूनंतर वारसाच्या नावे फेरफार) होऊन खातं तुमच्या नावावर आलं, की आयकर भरणारे म्हणून तुम्ही अपात्र. तेव्हा हप्ता बंद करा असं कळवणं तुमच्याकडे लागलं. पोर्टलवर लाभ स्वेच्छेने सोडायची सोय आहे. पटवारी, म्हणजे इथला तलाठी, येऊन विचारेल म्हणून वाट बघू नका.

मध्यप्रदेशात याला आणखी एक पदर आहे. मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेतून राज्य सरकार सप्टेंबर २०२० पासून वर्षाला ४,००० आणि २०२३ पासून ६,००० रुपये देतं, आणि ते मिळतात पीएम-किसानच्या लाभार्थ्यांनाच. म्हणजे एक चुकीचं नाव सरकारला वर्षाला १२,००० ला पडतं आणि बरोबर असून गळालेलं नाव त्या घराला तेवढ्यालाच पडतं. गळालेल्या नावांबद्दल मात्र मला कुणी फारसे अर्ज लिहायला सांगत नाही.

आता चुकीची नावं पकडली कशी जातात ते पाहा, कारण तुमच्या पुढच्या पावलाचं उत्तर त्यात आहे. जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरातून बाहेर आलं की २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त आयकर भरणारे होते. त्याच वर्षी जुलैत कृषिमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलेला आकडा ४२ लाख लोक आणि जवळपास ३,००० कोटींचा होता. गावनिहाय यादी सगळ्यांसाठी खुली असताना एवढं झालं. आयकर भरणारे सापडले ते संगणकानं दोन खात्यांची माहिती जुळवल्यावर, शेजाऱ्यानं यादी वाचून नव्हे. शेजाऱ्याला दुसऱ्याचं रिटर्न कुठून दिसणार?

पण संगणकालाही सगळं दिसत नाही. वकील कोर्टात उभा राहतो का, नवरा-बायको दोघं वेगवेगळ्या खात्यांवर घेतात का, खातेदार जिवंत आहे का, हे गावाला माहीत असतं. तामिळनाडूत २०२० साली साडेपाच लाखांच्या आसपास खोटी नावं घुसली आणि सुमारे ११० कोटी रुपये गेले. कोरोनाच्या काळात स्वतः नोंदणी करायची सोय होती, दलालांनी अधिकाऱ्यांचे लॉगिन वापरून नावं मंजूर केली, आणि ज्यांना वीतभर जमीन नाही ते शेतकरी झाले. अशी नावं गावात मोठ्यानं वाचली असती तर पहिल्या दिवशी लोक हसले असते.

मोठ्यानं वाचण्यावरून जानेवारी २०१९ आठवतो. जय किसान फसल ऋण माफीच्या याद्या तेव्हा पंचायतींच्या भिंतींवर लागल्या. आधार जोडलेल्या कर्जखात्यांची हिरवी यादी, न जोडलेल्यांची पांढरी, आणि ज्याला हरकत घ्यायची असेल त्याच्यासाठी गुलाबी अर्ज. दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ व्हायचं होतं, त्यामुळे भिंतीपुढे गर्दी. माझ्याकडे तपासणीला असलेल्या एका संस्थेच्या गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "मी कर्ज घेतलंच नाही, तर माफ कसलं करताय?" दप्तर काढलं. अर्ज होता, अंगठा होता, साक्षीदार होते, खतं उचलल्याची नोंद होती. कागद निर्दोष होता. कर्ज मात्र त्यानं कधी घेतलेलं नव्हतं. मग आणखी चार-पाच जण पुढे आले, एकाच्या मेलेल्या काकाच्या नावावरही रक्कम निघाली. त्या महिन्यात राज्यभर ठिकठिकाणी असेच प्रकार वर्तमानपत्रांत येत होते. कुठे कुणाचं तेरा रुपये कर्ज माफ झाल्याच्या बातम्या आल्या, त्यावर लोक हसले, पण खरी बातमी ज्यांनी कर्जच घेतलं नाही त्यांच्या नावांची होती.

ती यादी कामाला आली त्याची कारणं मी नंतर बराच काळ मनात घोळवली. नावापुढे बापाचं नाव होतं, म्हणून कोण ते कळत होतं. रक्कम होती, म्हणून चूक दिसत होती. यादी पैसे जायच्या आधी लागली होती, आणि तक्रार करायला छापील अर्ज तिथेच टेबलावर होता. यातलं एक जरी काढलं तरी यादी लंगडी होते. पीएम-किसानच्या मार्गदर्शक सूचनांतही लाभार्थ्यांची यादी गावपातळीवर प्रसिद्ध करावी, गळालेल्यांना बाजू मांडायची संधी द्यावी आणि दरवर्षी पाच टक्के लाभार्थ्यांची प्रत्यक्ष पडताळणी करावी असं लिहिलेलं आहे. ती पडताळणी तुमच्या गावात कधी झाली, आणि तिचा अहवाल काय, हे विचारण्यासारखं आहे. "अमका कसा पात्र?" यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचं.

भावांतर हे याहून गुंतागुंतीचं आहे, आणि तिथे कुजबुजीवर मी अजिबात भरवसा ठेवत नाही. ज्यांना योजना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मंडीत भाव हमीभावाच्या खाली गेला तर सरकार माल न घेता फरक खात्यात टाकतं. २०१७ च्या खरिपात सोयाबीनसह आठ पिकांना ही योजना आली तेव्हा सोयाबीनचा हमीभाव ३,०५० होता. २०२५ च्या खरिपात ती सोयाबीनसाठी परत आली, हमीभाव ५,३२८. तुमचा भाव सरकारनं जाहीर केलेल्या सरासरी मॉडेल भावाच्याही खाली असेल, तर फरक काढतात तो प्रत्यक्ष विकलेल्या भावातून नाही, तर त्या मॉडेल भावातून. त्यामुळे २०१७ मध्ये व्यापारी संगनमतानं भाव पाडतात अशी ओरड झाली. शेतकऱ्याला सरकार देणारच आहे, मग आपण कशाला जास्त द्यायचं, हा त्यामागचा हिशेब.

इथली दुसरी खोट म्हणजे जुना साठा. व्यापाऱ्याकडे गोदामात पडलेला माल एखाद्या नोंदणीकृत शेतकऱ्याच्या नावावर विकला दाखवायचा आणि फरक वाटून घ्यायचा. हे पकडायला नाव लागत नाही, तीन आकडे लागतात: नोंदवलेलं क्षेत्र, विकलेलं वजन, मिळालेली रक्कम. माळव्यात सोयाबीन हेक्टरी दहा ते पंधरा क्विंटल उतरलं तर बरं म्हणायचं. दोन हेक्टरच्या खात्यावर साठ क्विंटल विकले गेले असतील तर प्रश्न उभा राहतो. क्षेत्र कोणालाही तपासता येतं. महाराष्ट्रात जसा सातबारा, तसा आपल्याकडे खसरा, आणि तो भू-अभिलेखच्या संकेतस्थळावर उघडा आहे. त्यात गिरदावरीची, म्हणजे पीकपाहणीची, नोंदही असते. खसऱ्यात मका आणि मंडीच्या पावतीवर सोयाबीन, असं जुळत नसेल तर तिथे बोट ठेवा.

पण साठ क्विंटलला निष्पाप कारणही असू शकतं, आणि ते तुमच्या घराला लागून आहे. सिकमीवाला कसतो, पीक त्याचं, पण नोंदणी जमीनमालकाच्या खात्यावर. त्यानं तीन मालकांची जमीन कसली आणि सगळा माल एकाच्या नोंदणीवर विकला, की आकडे फुगतात. चूक आहे, पण चोरी नाही. त्यावरून विचारते, रागावू नका: तुमच्या आईच्या बारा बिघ्यांतलं सोयाबीन लक्ष्मीबाई नगरच्या नाहीतर छावणीच्या मंडीत गेलं असेल, तर भावांतराचे पैसे कुणाच्या खात्यात आले?

हे सगळं बोलताना एक मोठा पैसा नजरेआड राहतो. पीएम-किसानला केंद्राचे वर्षाला साठ हजार कोटींच्या आसपास जातात. खताचं अनुदान २०२२-२३ मध्ये अडीच लाख कोटींच्या वर गेलं होतं. युरियाची ४५ किलोची गोणी आपल्याला पावणेतीनशेच्या आत मिळते ती त्यामुळे. हे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात येत नाहीत. २०१८ पासून दुकानदारानं पीओएस मशीनवर आधार घेऊन गोणी विकली की कंपनीला मिळतात. तेव्हा तिथे "लाभार्थी" कोण? मशीनवर नाव शेतकऱ्याचं चढतं. म्हणून एकाच माणसाच्या अंगठ्यावर शेकडो गोण्या निघाल्याची प्रकरणं होतात आणि केंद्राला जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या वीस खरेदीदारांची तपासणी करायला कलेक्टरांना सांगावं लागतं. शेतीपंपाच्या विजेचंही तसंच, सवलतीचा पैसा वीज कंपनीला जातो. गोदामं आणि कोल्ड स्टोरेजसाठी २०२० साली आलेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत सात वर्षांपर्यंत मिळते. हिशेब केला तर एका गोदामवाल्याची वर्षाची सवलत कित्येक डझन पीएम-किसान घरांइतकी होते. गावात कुणी त्याची यादी मागत नाही. मागा. तिथे मास्तरांपेक्षा वाचण्यासारखं जास्त सापडेल.

आता "खाजगी माहिती" या उत्तराकडे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मधल्या बाराव्या उपखंडात स्पष्ट लिहिलंय की अनुदान योजना कशी राबवली, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थ्यांचा तपशील काय, हे प्रत्येक सरकारी कार्यालयानं कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचं. तेव्हा पंचायतीचं उत्तर या कायद्यात बसत नाही. पण हवा बदलली आहे, तेही सांगितलं पाहिजे. पूर्वी कलम ८(१)(ञ) खाली वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का आणि व्यापक जनहित आहे का, हे अधिकाऱ्याला त्याच कलमात तोलावं लागे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ती शर्त काढली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. आता "वैयक्तिक माहिती आहे" एवढं म्हटलं की अधिकारी नाकारू शकतो. आपल्या हातात उरलं ते कलम ८(२): जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. आणि कलम ४ आहे तसंच आहे, त्याला हात लावलेला नाही. म्हणून अर्जात या दोन्ही कलमांचा उल्लेख करा.

तुमच्या आईच्या नावाचा प्रश्न मात्र मी उडवून लावणार नाही. युरोपात हाच वाद कोर्टात गेला होता. तिथे शेती अनुदान घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि रक्कम इंटरनेटवर टाकत. दोन जर्मन शेतीधारकांनी दावा लावला, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपच्या न्यायालयानं म्हटलं की व्यक्तींची नावं अशी सरसकट, रक्कम किंवा काळ न पाहता छापणं जास्तीचं आहे. कंपन्यांना ती सूट मिळाली नाही. त्यानंतर २०१३ मध्ये नियम सुधारला: नावं छापायची, पण वर्षाला १,२५० युरोपर्यंतचं छोटं अनुदान घेणाऱ्यांची नावं झाकायची. मला हा तोडगा पूर्ण पटत नाही, कारण आपल्याकडे खोटं नाव छोट्या रकमेतच लपतं. पण तत्त्व पटतं: रक्कम जितकी मोठी तितकी झाकायची मुभा कमी. सहा हजारांच्या हप्त्यासाठी नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, रक्कम आणि पात्रतेचा आधार हे गावातल्या भिंतीवर असावं. मोबाइल नंबर, आधार, बँकखातं कुठेच असू नये. दोन कोटींच्या कर्जावर सवलत घेणाऱ्यानं जगाला दिसायला हरकत घेऊ नये.

म्हणूनच यादी व्हॉट्सॲपवर टाकू नका. पीएम-किसानच्या नावानं खोट्या ॲपच्या फाइली ग्रुपांतूनच फिरतात आणि म्हाताऱ्या माणसांची खाती रिकामी होतात. "तुमचा हप्ता अडकलाय" असा फोन करणाऱ्याला नावांची आयती यादी पुरवण्याचं पुण्य आपल्या पदरी नको. शिवाय वकील प्रॅक्टिस करत नसला तर बदनामीची नोटीस तुम्हाला येईल, आणि तो स्वतःच लिहील, म्हणजे त्याला फीही पडणार नाही. नाव घेऊन बोलायची जागा ग्रामसभा आहे. मध्यप्रदेशात ती २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. तिथे "यादी वाचून दाखवा" एवढीच मागणी करा आणि ती कार्यवृत्तात लिहून घ्या. कुणाचं नाव तुम्ही घ्यायची गरज पडत नाही, वाचताना लोकच बोलतात.

अर्ज कसा लिहायचा? हिंदीत लिहा आणि तहसील कार्यालयाच्या लोक सूचना अधिकाऱ्याकडे (जन माहिती अधिकाऱ्याकडे) द्या. इथे पीएम-किसान आणि किसान कल्याण दोन्ही राजस्व (महसूल) खातं बघतं, कृषी कार्यालयात गेलात तर कागद फिरत राहील. तशी कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याची जबाबदारी त्यांची आहे, पण कशाला तो फेरा. मी लोकांना मागायला लावते ते साधारण असं: आमच्या पटवारी हलक्यात (एका पटवाऱ्याकडच्या गावांत) आज किती लाभार्थी आहेत, मागच्या तीन वर्षांत किती नावं कोणत्या कारणानं कमी झाली, पाच टक्के प्रत्यक्ष पडताळणी कोणत्या तारखांना झाली आणि तिच्या अहवालाची प्रत, वसुलीच्या किती नोटिसा निघाल्या आणि किती रक्कम परत आली, यादी पंचायतीत लावल्याचा पंचनामा किंवा पावती. यात एकही माणूस नाही, म्हणून ८(१)(ञ) लावायला जागा उरत नाही. भावांतरासाठी वेगळा अर्ज मंडी समितीकडे: नोंदवलेलं क्षेत्र, विकलेलं वजन, तारीख आणि रक्कम, खातेनिहाय, हवं तर नावं झाकून. खसरा क्रमांक राहू द्या म्हणावं. बऱ्याचदा प्रतींपेक्षा दप्तर पाहायची परवानगी मागणं बरं पडतं. कायद्यात अवलोकनाचा हक्क आहे, आणि रजिस्टर समोर उघडल्यावर काय मागायचं होतं ते तिथेच कळतं.

फी १० रुपये. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला आपल्या राज्यात ५० रुपये. मग नव्वद दिवसांत भोपाळला राज्य सूचना आयोगाकडे दुसरं, १०० रुपये. आयोगात तारीख लागायला किती वेळ जाईल ते तिथल्या गर्दीवर आहे, म्हणून सगळा भरवसा त्यावर ठेवू नका. पहिल्या अपिलाच्या आधीच मंगळवारच्या जनसुनावणीत कलेक्टर कचेरीत एक अर्ज द्या, त्याचा नोंदणी क्रमांक घ्या. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार केलीत तर ती "समाधान झालं" म्हणून बंद करायला फोन येईल. समाधान झालेलं नसेल तर हो म्हणू नका, एवढंच.

आणि त्या वकिलाबद्दल खात्री पटलीच, तर तक्रार तहसीलदाराकडे, लेखी, तुमच्या सहीनं. वकील म्हणून त्याचं नाव चालू खटल्यांत दिसतं, कोर्टांच्या याद्या उघड्या आहेत, त्याची प्रत जोडा. मास्तरांच्या बाबतीत पेन्शनची रक्कम तुम्ही मागू नका, मिळणार नाही. "सदर व्यक्ती शासकीय सेवेतून निवृत्त आहे, पात्रता तपासावी" एवढं लिहिलं की पुढचं त्यांना कोषालयाकडून तपासता येतं.

राहिला तुमचा सिकमीवाला. जमीन नावावर नसल्यामुळे पीएम-किसानमध्ये तो कधीच येणार नाही, नियमच तसा आहे. पण समर्थन मूल्याच्या, म्हणजे हमीभावाच्या, खरेदीत येऊ शकतो. भूमिस्वामी आणि बटाईदारांच्या हितरक्षणाचा २०१६ चा कायदा आहे आपल्या राज्यात. त्याप्रमाणे लेखी करार करून प्रत तहसीलदाराकडे दिली, की सोसायटीत सिकमी शेतकरी म्हणून त्याची स्वतःची नोंदणी होते आणि पैसे त्याच्या खात्यात जातात. जमिनीची मालकी त्यामुळे जात नाही, ही भीती आपल्या इंदूरच्या मराठी घरांत फार आहे म्हणून मुद्दाम सांगते. गव्हाची नोंदणी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत उघडते. त्याआधी दोघांनी सह्या करून कागद तहसीलीत देऊन या, आणि आरटीआयचा अर्ज त्याच फेरीत देऊन टाका.